सर हात धुवायला गेले

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपबाहेर, दाराच्या डाव्या अंगाला एक नळ आहे. खाली दगड, दगडावर नारळाच्या शेंडीत गुंडाळलेला साबणाचा तुकडा. कॉलेजची वर्षं मी त्या नळाकडं बघत काढली असं म्हटलं तर कुणाला पटायचं नाही. पण तसंच आहे, आणि त्याला कारण चौगुले सर.

मला हे नीट लिहिता येईल का, शंका आहे. मराठीत मोठं असं काही मी शेवटचं लिहिलं ते दहावीच्या पेपरात. तरी प्रयत्न करतो.

चौगुले सर आमच्या ऑटोमोबाईल विभागाचं वर्कशॉप सांभाळायचे. ठेंगणे, रुंद, खिशाला कायम स्क्रू ड्रायव्हर लावलेला. आवाज असा की ते एखाद्याच्या कानात काही सांगायला लागले, की अख्खा वर्ग ऐकायचा. आम्हाला ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए गारगोटी, पाना आण." "ए कागल, लांब उभा ऱ्हा, पायावर पडंल." मी शिरोळजवळच्या एका खेड्यातला, म्हणून शिरोळ. माने हे माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता, आणि अडचण तीच होती. "शाब्बास" हा शब्द ते दिवसभर वाटत फिरायचे. पाना जागेवर ठेवला, शाब्बास. झाडू मारला, शाब्बास. वेळेवर आलास, शाब्बास. पहिल्या सत्रात आम्ही नवी पोरं त्यावर खूश असायचो. मग वरच्या वर्गातल्या एकानं आमचे डोळे उघडले. तो म्हणाला, "अरे, शाब्बास म्हणजे तुझं काम जेमतेम हाय. खरं चांगलं काम झालं की सर जळतात."

ते खोटं नव्हतं. कुणी खरोखर चांगलं काही केलं की सर गप्प व्हायचे. मग मान तिरपी करून विचारायचे, "कुणी सांगितलं तुला?" आपण म्हणायचं, "कुणी न्हाय सर." त्यावर ते वळायचे. बाहेर नळावर जायचे आणि हात धुवायचे. हात मळलेले असोत की नसोत. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. परत यायचे ते दुसराच विषय घेऊन.

"सर हात धुवायला गेले" हे आमच्या विभागात मेडल होतं. ज्याच्यामुळं ते गेले त्याचं नाव संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर झालेलं असायचं.

सरांनी हा स्वभाव कधी लपवला नाही. "मी जळका माणूस हाय," ते वर्गात उघड सांगायचे. "माझ्या बायकोला इचारा. शेजाऱ्याच्या पेरूला जास्त पेरू लागले तर मला रात्री जेवण जात न्हाय." आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

एकदा परीक्षा संपल्यावर ते आम्हा चौघापाच जणांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घेऊन गेले. तिथं म्हैस समोर उभी असते, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळता ग्लास हातात देतो. सरांनी ग्लास घेतला, तोंडाला लावला आणि थांबले. शेजारी एक पैलवान उभा होता. सर त्याच्या ग्लासाकडं बघत राहिले.

"का वो, ह्यांच्या ग्लासात फेस जास्त हाय," ते गवळ्याला म्हणाले.

"सर, म्हस एकच हाय की."

"म्हस एक असंल. धार येगळी लागलीया."

पैलवान हसला. "घ्या पावणं, ह्यो घ्या माझा." त्यानं आपला ग्लास पुढं केला. सरांनी खरंच घेतला. एक घोट प्याले, आणि मग आपल्या जुन्या ग्लासाकडं बघायला लागले, जो आता पैलवानाच्या हातात होता. मला वाटतं, सरांचं सगळं त्यात आलं.

आता सानिकाबद्दल सांगायला हवं. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

सानिका मगदूम जयसिंगपूरची. तिच्या वडिलांचं तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. जयसिंगपूर म्हणजे आमच्याच तालुक्याची बाजारपेठ. माझे वडील, तात्या, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. हंगामात कारखान्याला ऊस ओढतात. ट्रॅक्टरचं काही मोडलं की मालक त्यांना तिथल्याच दुकानांत पाठवतो. म्हणजे ज्या फळीच्या अलीकडं तात्या उभे राहिले असतील, त्याच फळीच्या पलीकडं ही लहानाची मोठी झाली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. मला वर्गात हात वर करायलाच मिनिटभर लागायचं. तोवर सानिकाचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

तिच्याकडं स्वतःचा मीटर होता, वायरींमधला करंट मोजायचा, लाल पिशवीतला. मागितला की ती लगेच द्यायची. "ने की, इचारतोस काय." ती वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. ती चांगली होती, त्यामुळं मला तिचा राग करायलाही जागा नव्हती, आणि मी तो तरीही करायचो.

पहिल्याच वर्षी कॉलेजची जुनी जीप सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. कुणी म्हणे बॅटरी गेली, कुणी म्हणे स्टार्टर. सर हाताची घडी घालून गंमत बघत होते. सानिका पुढं झाली आणि चावी फिरवायला सांगून एकेक वायर हातानं चाचपत गेली. बॅटरीची काळी वायर जिथं गाडीच्या अंगाला बोल्टनं कसलेली असते तिथं आल्यावर तिनं हात झटकला.

"सर, हे तापलंय. अर्थिंग ढिलं हाय."

सर गप्प. मान तिरपी. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय सर. हाताला चटका बसला."

सर हात धुवायला गेले.

मी त्या वेळी तिथंच, बॅटरीच्या पाण्याची बाटली धरून उभा होतो. सर परत आले, माझ्यावरून नजर गेली, आणि म्हणाले, "शाब्बास, शिरोळ. बाटली सरळ धरलीस."

अख्खं वर्कशॉप हसलं. सानिकाही हसली, पण लगेच थांबली. ती थांबली ते मला जास्त लागलं.

त्यानंतर तिच्यामुळं सर आणखी काही वेळा नळावर गेले. मी त्या मोजल्या नाहीत असं म्हणायला मला आवडेल. माझ्या वाट्याला शाब्बास येत राहिले. मी रात्रभर जागून केलेल्या गिअरबॉक्सच्या मॉडेललासुद्धा शाब्बास. त्या दिवशी मी संडासात जाऊन रडलो, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

सरांनी गाडी घेतली ती आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, उन्हाळ्याच्या तोंडाला. तीही जळूनच. आमच्या विभागातले इनामदार सर नवी कोरी गाडी घेऊन आले होते. पेढे वाटले. चौगुले सरांनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बोट लावून बघितलं आणि नळावर गेले. महिन्याभरात ते एका डॉक्टरांची जुनी गाडी घेऊन दारात हजर. जुनी, पण ऑटोमॅटिक. नव्या गाडीवाल्या इनामदारांना क्लच दाबावा लागायचा, सरांना नाही. मुद्दा तो होता.

"क्लच दाबत बसायला आपण काय ट्रकवाले हाय?" ते म्हणायचे.

पहिले काही दिवस त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. शेजारी बसलेला माणूस काचेकडं जायचा. मग सरांनी त्यावर उपाय काढला. डावा पाय दुमडून सीटवर घ्यायचा, जेवायला अर्धी मांडी घालतो तसा. तसे अर्धी मांडी घालून सर कॉलेजच्या फाटकातून आत यायचे, आणि इनामदार सर दिसले की मुद्दाम हॉर्न वाजवून दुमडलेला पाय दाखवायचे.

मे महिन्यात गगनबावड्याच्या वाटेवर ती गाडी तापली. घरची सगळी मंडळी गाडीत, बॉनेटमधून वाफ, आणि शेजारून कुणाची तरी साधी गाडी आरामात वर निघालेली. सरांना वाफेपेक्षा ती गाडी लागली असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी वर्कशॉपात घेतली आणि त्यांचा नेहमीचा इलाज केला. थर्मोस्टॅट काढून टाकला.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसवलेली छोटी पितळी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते, तापलं की रेडिएटरकडं सोडते. आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्र्यांना ही झडप म्हणजे उगाच घातलेली कटकट वाटते. ती अडकली तर गाडी तापते, मग ठेवायचीच कशाला? सर त्या पंथाचे. जीप असो, टेम्पो असो, गाडी हाताखाली आली की आधी झडप बाहेर. काढलेल्या झडपा ते टाकत नसत. तारेत ओवून त्यांच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगत. चांगली घसघशीत माळ झाली होती. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा मांडायचो तेव्हा सर त्या माळेलाही झेंडूचं फूल लावायचे.

"ही समदी दुखणी हायत, मी काढलेली," ते नव्या पोरांना माळ दाखवून सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या गाडीची झडप सगळ्यांत वर होती, अजून चकचकीत.

झडप काढल्यापासून गाडी तापली नाही. डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा कायम खाली पडलेला. सर त्याच्यावर नखानं टकटक करून म्हणायचे, "बघ. काटा खाली, गाडी खुशीत."

पावसाळा गावातल्या गावात गेला. पुढं जानेवारीत, आम्ही शेवटच्या वर्षाला असताना, सर एका लग्नासाठी भल्या सकाळी निपाणीकडं निघाले, आणि हायवेवर त्यांच्या लक्षात आलं की गाडीचा ओव्हरड्राइव्ह पडत नाही.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे अशा गाडीचा शेवटचा गिअर. सर तो शिकवताना सायकलचं उदाहरण द्यायचे. सपाट रस्त्यावर सायकलनं वेग धरला की आपण पायडल सावकाश मारतो, तरी सायकल पळत राहते. तसा ह्या गिअरमध्ये इंजिनाला आराम मिळतो. तो पडला नाही की इंजिन तिसऱ्यातच बोंबलत राहतं, पेट्रोल पितं. लग्नात सरांचं लक्ष जेवणावर नव्हतं असं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, नंतर सांगितलं.

इनामदार सर सहज म्हणाले, "शिरोलीला एक गॅरेज आहे, फक्त ऑटोमॅटिकच बघतात. फार हुशार माणूस आहे म्हणे."

"कोण, त्यो? त्याला स्वतःच्या लुनाचा प्लग बदलता येत न्हवता," सर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

गाडी त्या गॅरेजला जाणार नाही हे ठरलं. ती आमच्या प्रॅक्टिकलला आली. महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते, आणि मे महिन्यात आम्हीही बाहेर पडणार होतो. सर्वांना कळून चुकलं होतं की हे शेवटचं. मला तर फारच कळून चुकलं होतं. ह्या गाडीवर नाही, तर मग मी आयुष्यभर शाब्बासच.

आम्ही पद्धतशीर बघत गेलो. आधी गिअरबॉक्सचं तेल. पट्टी ओढून बघितली. रंग लाल, पातळी बरोबर, जळका वास नाही. मग गिअरच्या दांड्यावरचं ओव्हरड्राइव्हचं बटण. ते दाबलं की डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा लागायचा, परत दाबलं की विझायचा. म्हणजे बटण ठीक. इनामदार सरांचा स्कॅनर ह्या जुन्या गाडीला जुळेचना, तेव्हा चौगुले सरांचा चेहरा जरा खुलला. सानिकानं गाडीखाली जाऊन गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरी मीटरनं मोजल्या. सगळं जिथल्या तिथं. ती बाहेर आली तेव्हा कपाळाला ग्रीस लागलेलं होतं आणि पहिल्यांदाच तिच्याकडं उत्तर नव्हतं. मला आनंद झाला. आणि लगेच भीती वाटली की ती अजून विचार करतेय.

मग हायवेवर चक्कर. पुढं सर, शेजारी मीटर घेऊन सानिका. मागं आम्ही तिघं, मी मध्ये. ती पुढची सीट मला हवी होती. इतकी, की मला खिडकीबाहेरचं काही दिसलंच नाही. त्या दोघांच्या डोक्यांच्या फटीतून मी पुढंच बघत होतो. सानिकाचा हात, सरांचा गुडघा, डॅशबोर्ड. इंजिन बोंबलत होतं. आणि काटा खाली होता. जाताना खाली, येताना खाली. एवढं बोंबलणारं इंजिन, आणि काटा जणू गाडी आत्ताच सुरू केलीय असा.

आम्हाला पुस्तकात होतं, इंजिन पुरेसं तापल्याशिवाय अशी गाडी शेवटचा गिअर देत नाही. ती तशीच बनवलेली असते. ते वाक्य मला त्या फटीतून आठवलं.

मी तोंड उघडलं नाही. हळू बोललो तर सानिका ऐकेल आणि मोठ्यानं सांगेल. मोठ्यानं बोललो तर काय बोलणार? सर, ही गाडी तुम्हीच बिघडवलीय? ती टेबलावरची माळ दुखण्यांची नाही, सर? सगळ्या पोरांसमोर, निवृत्तीच्या महिन्यात?

परत आल्यावर सर म्हणाले, "सोमवारी गिअरबॉक्स उतरवायचा." आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या गाडीच्या गिअरबॉक्सचे आतले भाग आता सहज मिळत नाहीत. एकदा तो उघडला की परत जुळेल याची खात्री सरांनाही नव्हती, पण त्यांना आता मागं फिरता येत नव्हतं. शिरोलीचं गॅरेज त्यांच्या डोळ्यांपुढं असणार.

मी शनिवारी गावी गेलो. रविवारी पहाटे तात्या ऊस भरायला निघाले तेव्हा मी पण बाहेर आलो. थंडी मरणाची होती. त्यांनी ट्रॅक्टरच्या तोंडाला, रेडिएटरसमोर, पोतं बांधलेलं होतं. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नव्हतं.

"तात्या, हे पोतं कशाला?"

"गार वाऱ्यात हिंजन तापत न्हाय रं. तापलं न्हाय की लोड घेत न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय?"

सोमवारी मी एसटीनं पोतं घेऊन आलो. कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्यात. मी म्हटलं, काही नाही. त्यानं आत बघितलं, खरंच काही नव्हतं.

त्या दिवशी कॉलेजात सकाळपासून पाणी नव्हतं, पाइप फुटला होता. सरांनीच आम्हाला कॅन देऊन हातपंपावर पिटाळलं. आम्ही आलो तेव्हा जॅक मांडून झाला होता. सर गाडीखाली जायला पोतंच शोधत होते.

"सर," मी म्हटलं. "सर, उघडायच्या आधी एक चक्कर मारूया का? हे लावून."

"काय लावून?"

"पोतं. रेडिएटरला."

सगळे हसायला लागले. सरही. "का रं शिरोळ, गाडीला थंडी वाजतीया व्हय?"

"व्हय सर," मी म्हटलं.

सर हसता हसता थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. टेबलाकडं त्यांनी बघितलं नाही. "बांध," म्हणाले.

मी पोतं सुतळीनं बांधलं. गाठ दोनदा सुटली. सानिका पुढच्या दाराशी गेली होती. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. "तू बस पुढं, माने." तिनं ते इतक्या सहज दिलं, की मिळूनही ते माझं वाटेना.

हायवेला लागलो. इंजिन बोंबलत होतं. सर अर्धी मांडी घालून बसले होते. पोतं वाऱ्यानं फडफडत होतं. काटा हलला. जरासा वर आला, मग आणखी वर. उजळाईवाडीच्या पुढं, अचानक, कुणी स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करावा तसा आवाज खाली बसला. गाडी मात्र तशीच पळत होती. पळत कसली, तरंगत होती.

मागं पोरं ओरडली. "पडला! सर, पडला!"

सरांनी दुमडलेला पाय हळूच खाली घेतला. मग मान तिरपी झाली.

"कुणी सांगितलं तुला?"

कॉलेजची सगळी वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघितली होती. उत्तर मला पाठ होतं. कुणी न्हाय सर. तीनच शब्द.

"आमच्याकडं... ट्रॅक्टरला लावतात सर," मी म्हणालो. "तात्या लावतात."

काट्याचं मी बघितलं होतं. पुस्तकातलं वाक्य मला आठवलं होतं. त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. सरांनी मान सरळ केली. "असं व्हय," म्हणाले, आणि गाडी वळवली.

परत आल्यावर सरांनी जॅक आवरायला सांगितला. टेबलाजवळ जाऊन माळेची तार सोडली, सगळ्यांत वरची चकचकीत झडप काढली आणि खिशात टाकली. तार परत पिळून माळ खिळ्याला लावली. कळायचं ते पोरांना कळलं होतं. सानिकाला तर नक्कीच; ती माळेकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली.

मग सर वळले, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि वर्कशॉपभर ऐकू जाईल असं म्हणाले, "शाब्बास, शिरोळ! शाब्बास!"

दोनदा म्हणाले. मी "थँक्यू सर" म्हणालो आणि पिशवी उचलली.

पुढं काय झालं तेही सांगतो. सर निवृत्त होऊन गारगोटीकडच्या आपल्या गावी गेले. गाडीत थर्मोस्टॅट परत बसलाय आणि ओव्हरड्राइव्ह झकास चालतो. आणि सर ही गोष्ट येईल त्याला सांगतात, असं आमच्यातला गारगोटीचा पोरगा म्हणाला. सांगतात ती अशी, की सगळे गिअरबॉक्स उघडायला निघालेले, इनामदारांचा स्कॅनर फेल, आणि सरांनी एकट्यानं काट्याकडं बघून ओळखलं. मग पोतं मागवलं. सानिका हे ऐकून खवळली. "तू फोन करून इचार की त्यांना!" मी काही फोन केला नाही. मी तिला म्हटलं, जाऊ दे. कारण मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं.

त्या सोमवारी मी फाटकापर्यंत गेलो होतो. सानिका पुढं स्टॉपवर पोचली होती. तेव्हा आठवलं, पोतं राहिलं. ते तात्यांचं होतं, परत न्यायला हवं होतं. मी मागं फिरलो. वर्कशॉप रिकामं झालं होतं. पोतं घडी घालून पायरीवर ठेवलेलं होतं, चारी कोपरे जुळवून, धुतलेल्या चादरीसारखं.

आणि डाव्या अंगाला चौगुले सर उभे होते. माझ्याकडं पाठ. बाह्या वर सारलेल्या, हातात साबणाचा तुकडा. ते हात चोळत होते. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, सावकाश. मी पोतं न उचलता उभा राहिलो.

नळ पूर्ण सोडलेला होता. त्यातून थेंबही येत नव्हता.